नमतं कुणापुढे घ्यायचं, हे आधी ठरवा

धुळे जिल्ह्यातल्या एका मिरची-मसाला उद्योजिकेनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरच्या कांडप यंत्रापासून सुरुवात करून त्यांनी पूड आणि मसाल्याचा छोटा कारखाना उभा केला. माल आता सुरत आणि इंदूरपर्यंत जातो. दुसरं युनिट टाकायचं आहे. पण व्यापारी म्हणतात, बाई फार कजाग आहे. नातेवाईक म्हणतात, नवऱ्याला बाजूला सारलं. सासूबाई म्हणतात, आता पुरे. धाकट्या दिराला भागीदार केलं तर घर शांत होईल, असं सगळ्यांचं मत आहे. शिवाय माहेरी भावांनी जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही मागितली आहे. त्या विचारतात, "मी थोडं नमतं घ्यावं का? माझी हाव खरंच जास्त आहे का?"

ताई, मी जळगावात लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल, कर्जप्रकरणं आणि कराची कामं करते. डाळ मिलवाले, चटईवाले, केळी वेफर्सवाले, जिनिंगवाले, सगळे येतात. त्यात बायका कमी, आणि ज्या येतात त्यातल्या बऱ्याच जणी कागद दाखवून झाल्यावर, उठता उठता, तुम्ही विचारलंत तेच विचारतात. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. हाव जास्त आहे की कमी, हे तुमच्या स्वभावावरून ठरवू नका आणि लोकांनाही ठरवू देऊ नका. प्रत्येक टीकेला एकच प्रश्न लावा: मी इथे नमले तर फायदा कुणाचा होतो? टीका करणाऱ्याचाच खिसा भरत असेल, तर ती टीका नव्हे, भावाची घासाघीस आहे. आणि तुमच्या हाताखाली राबणारं, तुमच्याकडून मजुरी घेणारं माणूस बोलत असेल, तर खुर्ची ओढून बसा आणि शेवटपर्यंत ऐका.

आता व्यापाऱ्यांचं बघू. तुम्ही लिहिलंय की ओलसर मिरचीची गाडी परत पाठवली, तेव्हापासून बाजारात नाव खराब झालं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागांवर, मिरची नीट वाळली नाही, किंवा मधेच ढग आले आणि घाईनं पोती भरली, तर वरून कडक दिसणाऱ्या मिरचीच्या पोटात ओल राहते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांच्या वर नसावा, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ओल राहिली की बुरशी, आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. नमुना नापास झाला तर नोटीस तुमच्या नावानं येणार, व्यापाऱ्याच्या नाही. आता पैशाचा हिशेब करा. १०० क्विंटलच्या गाडीत ११ ऐवजी १४ टक्के ओलावा असेल, तर जवळपास साडेतीन क्विंटल पाण्याचे पैसे तुम्ही मिरचीच्या भावानं मोजता. तुम्ही गाडी परत पाठवली, म्हणजे ते पाणी विकत घ्यायला नकार दिला. याच बाजारात एखाद्या शेठनं गाडी परत केली, तर पुढच्या वेळी त्याच्याकडे चांगला माल आधी पोचतो आणि लोक म्हणतात, तिथं चालबाजी चालत नाही. तुमच्या वाट्याला मात्र स्वभावाचा पंचनामा आला.

हे फक्त खानदेशात होतं असं समजू नका. अमेरिकेत अ‍ॅन हॉपकिन्स नावाची बाई प्राइस वॉटरहाउस या हिशेब-सल्ला क्षेत्रातल्या बड्या कंपनीत होती. १९८२ मध्ये भागीदारीसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई ही एकटीच. सरकारी खात्याकडून सुमारे अडीच कोटी डॉलरचं काम मिळवण्यात तिचा मोठा वाटा होता. तरी भागीदारी लांबणीवर पडली. बोलणं फार पुरुषी आहे, असे शेरे कागदावर आले, आणि तिला सल्ला मिळाला की चालणं-बोलणं जरा बायकी ठेव, मेकअप कर, दागिने घाल. ती न्यायालयात गेली. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाईनं कसं वागावं याच्या ठोकळेबाज कल्पनेवरून कामाचा निवाडा करणं हाही भेदभावच. पुढे न्यायालयाच्या आदेशानं तिला भागीदारी मिळाली. मी हे प्रकरण मुद्दाम सांगते, कारण एरवी असे शेरे कागदावर कधीच येत नाहीत. तिथे आले, म्हणून ते कोर्टात दाखवता आले. तुमच्याबद्दल दोंडाईच्याच्या बाजारात जे बोललं जातं, त्याचा कागद कुठेच नसतो.

दुसरं एक उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं. हायडी रॉयझन या उद्योजिकेची खरी गोष्ट प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिली. अर्ध्यांना तिच्या नावानं, अर्ध्यांना हॉवर्ड हे पुरुषाचं नाव घालून. बाकी मजकूर तोच. दोघंही कर्तबगार आहेत, हे दोन्ही गटांनी मान्य केलं. पण हॉवर्डबरोबर काम करायला आवडेल आणि हायडी मात्र आपमतलबी वाटते, असं उत्तर आलं. वाचणारी मुलं शिकलेली, वागण्यात सभ्य. यातून मी एवढंच घेते की लोकांना आवडण्यासाठी स्वतःला कापत बसलात, तर ते काम कधी संपणार नाही. कर्तबगारी दिसली की माया आटते, असा हा व्यवहार आहे. तो तुमच्या गोड बोलण्यानं बदलत नाही.

खानदेशाला धाडस नवं नाही, आणि धाडसाचं कौतुकही नवं नाही. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. १९६६ मध्ये वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी २१ वर्षांचे होते. शिक्षण अर्धवट टाकून परतले आणि कंपनी विकून टाकण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. जळगावच्या भवरलाल जैनांनी सरकारी अधिकारपदाची संधी सोडली आणि १९६३ मध्ये घरच्या ७ हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला. या गोष्टी आपण शाळेत पोरांना सांगतो, आणि सांगायलाच हव्यात. पण त्याच जळगावात एखाद्या मुलीनं स्पर्धा परीक्षा पास होऊन मिळालेलं पद सोडलं आणि तेलाचा घाणा टाकला, तर तिच्या घरी सांत्वनाला माणसं येतील. हट्ट तोच असतो.

किरण मजुमदार-शॉ यांचंही लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियातून १९७५ मध्ये मद्यनिर्मितीचं शिक्षण घेऊन आल्या, पण बाई म्हणून कुणी त्या कामावर घेईना. १९७८ मध्ये बंगळूरला एका गॅरेजात १० हजार रुपयांवर बायोकॉन सुरू केली, तेव्हा बँका कर्ज द्यायला कचरत होत्या आणि कामाला माणसं यायला तयार नव्हती. आज त्यांना दूरदृष्टीच्या म्हणतात. दूरदृष्टी तेव्हाही तीच होती. यशाचा आकडा मोठा झाल्यावर लोकांनी मान्य केली.

एक गोष्ट मी माझ्या कामात पक्की पाहिली आहे, आणि तिच्यावर कमी बोललं जातं. बायकांनी धंदा करण्याला आपल्याकडे विरोध नाही. बचत गटातल्या बायका सगळ्यांना आवडतात. प्रदर्शनात त्यांच्या कळण्याच्या पिठाच्या पुड्या, शेंगदाण्याची चटणी, बिबडे पुढाऱ्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सगळे घेतात, फोटो काढतात. लिज्जत पापडाचं आपण कौतुक करतो: १९५९ मध्ये मुंबईत सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. ते कौतुक रास्तच आहे, कारण तिथं राबणारी प्रत्येक जण मालकीण आहे. पण लोकांना त्या चित्रात आवडतं ते दुसरंच काही: बाई गटात आहे, घराला हातभार लावते आहे, एकटी पुढे उभी नाही. ज्या दिवशी तीच बाई गटातून बाहेर पडून स्वतःच्या नावावर जीएसटी नंबर घेते, एमआयडीसीत प्लॉट मागते आणि म्हणते की निर्णय मी घेणार, त्या दिवशी "बाई मानूसले कसाले जोयजे इतला पसारा?" सुरू होतं. हातभार चालतो. मालकी सलते.

आणि मालकीचं सोंगही आपल्याकडे भरपूर आहे. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण पुरुष अर्जदाराला २५ टक्के अनुदान आणि १० टक्के स्वतःचा हिस्सा, तर महिलेला ३५ टक्के अनुदान आणि ५ टक्के हिस्सा. म्हणून कित्येक फर्म बायकोच्या नावावर उघडतात. नवऱ्याचं सिबिल बिघडलं असेल तरीही तेच. बाई सही करते, तिला चेकबुक दिसत नाही. याचा फटका तुमच्यासारखीला बसतो. बँकेचा माणूस तपासणीला येतो आणि सवयीनं विचारतो, "साहेब कुठे आहेत?" तुम्ही म्हणता, धंदा मीच पाहते, आणि त्याला वाटतं हे पाठ करून घेतलेलं वाक्य आहे. मी माझ्या उद्योजिकांना सांगते की या प्रश्नावर चिडायचं नाही. स्टॉक रजिस्टर, येणी-देणी, मागच्या तिमाहीचा विक्रीचा आकडा, मिरचीचा खरेदी भाव आणि दळणातली घट तोंडावर हवी. पाच मिनिटांत त्याला कळतं की मालक समोरच बसलाय. तुमच्या बाबतीत मला एक खटकलं, ते सांगते. प्रश्नात तुम्ही सगळे निर्णय सांगितले, पण उधारी किती आणि किती दिवसांची, ते नाही सांगितलं. ते काढून ठेवा.

उधारीवरून आठवलं, वसुलीवर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला वाटतं सगळ्यात जास्त नाव त्यातच खराब होतं. बाईनं पैशासाठी तगादा लावू नये, असं पैसे थकवणारेच म्हणतात. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, असेल, आणि कारखाना सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर २००६ च्या कायद्यानं खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदतीचा लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली, की अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला मिळत नाही. म्हणजे तुम्ही ४६ व्या दिवशी फोन केला, तर कायद्यात लिहिलेलं मागितलं. बिलावर उद्यम क्रमांक आणि देयकाची मुदत छापून घ्या. खरेदीच्या अटीतही ओलाव्याची मर्यादा, नमुना कुठे तपासणार आणि गाडी परत गेली तर भाडं कुणाचं, हे आधी लिहून पाठवा. अट सगळ्यांना सारखी आणि आधीपासून कागदावर असली, की भांडण अटीशी होतं, तुमच्याशी कमी होतं. इतका बंदोबस्त पुरुषाला करावा लागत नाही, हे खरं आहे, आणि त्याचा मला रागही येतो. पण धंद्याला त्याचा फायदा होतो, म्हणून करा.

आता ती बाजू, जी अशा चर्चेत बायकाच टाळतात. महत्त्वाकांक्षी बाईवर झालेली प्रत्येक टीका खोटी नसते. एलिझाबेथ होम्सनं २००३ मध्ये थेरानोस काढली, थेंबभर रक्तात सगळ्या तपासण्या करू असं सांगितलं, जगानं तिला डोक्यावर घेतलं. यंत्र सांगितल्यासारखं चालतच नव्हतं. गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल २०२२ मध्ये ती दोषी ठरली आणि ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. तिच्या पडण्यानं पुढच्या सगळ्या मुलींकडे संशयानं पाहिलं गेलं, हे वाईट झालं. पुरुष बुडवतो तेव्हा पुढच्या पुरुषाचं कर्ज अडत नाही. तरी तिचा गुन्हा गुन्हाच होता, आणि बाई म्हणून तिला झुकतं माप नको.

तुमच्याकडे हा निकष कुठे लावायचा? मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांपाशी. दिवसभर हाताची आग होते, ठसका लागतो, घरी जाऊन लेकराला हात लावता येत नाही. हातमोजे, मास्क, हात धुवायला पाणी, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह, हवा खेळती ठेवणारे पंखे, हे आहे का? सीझनमध्ये रात्रपाळी करता तेव्हा त्यांना घरी सोडायची गाडी आहे का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमावी लागते, मालकीण बाई असली तरी. तुम्ही लिहिलंय की दोन जुन्या बायका काम सोडून गेल्या आणि गावात तुमच्याबद्दल वाईट बोलतात. ते तुम्ही व्यापाऱ्यांच्या यादीत टाकलंय. मी टाकणार नाही. त्या दोघींकडे स्वतः जा आणि विचारा, काय चुकलं. मजुरी कमी पडली असेल, एखादा मुकादम घाण बोलला असेल, खाडे धरले असतील. तिथे तुम्ही नमलात तर फायदा त्यांचा होतो ज्यांच्या हातावर तुमचं दुसरं युनिट उभं राहणार आहे. त्या टीकेला माझ्या लेखी अडत्यांच्या शंभर बोलण्यांपेक्षा जास्त वजन आहे.

सासूबाईंच्या "आता पुरे" मागे काय आहे, ते मला इतक्या दुरून सांगता येणार नाही. कर्जाची भीती असेल तर ती खरी भीती आहे आणि तिला आकड्यांनी उत्तर द्या: हप्ता किती, सहा महिने विक्री निम्मी झाली तर तो कशातून जाणार, घर तारण आहे की नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक बरीच वर्षं आहे, आणि त्यावरच्या रकमेला पतहमी योजनेचं संरक्षण मागता येतं. राहतं घर गहाण न ठेवता दुसरं युनिट होणार असेल, तर ते त्यांना बसवून समजावून सांगा. नवऱ्याचा विषय तुम्ही आणि ते दोघांनी बोलायचा. ते खरेदी-वाहतूक पाहतात असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांचा पगार ठरलेला आहे का, त्यांच्या खात्यावर जातो का? घरच्या माणसाचं काम बिनमोलाचं ठेवलं की त्याचा मान जातो, मग तो माणूस बाई असो की पुरुष.

माहेरच्या हक्कसोडपत्राबद्दल मी थोडं थांबून सांगते, कारण आपल्या भागात यावर बायका एकट्याच कुढतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेलेली लेक, झोका, गाणी, भावाचा आग्रह, आणि त्याच चार दिवसांत पुढे सरकवलेला कागद. सही केली नाही तर पुढच्या वर्षी बोलावणं येईल का, ही धाकधूक मी ओळखते. कायदा स्पष्ट आहे. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क जात नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीर वाटणी झाली असेल तर ती मात्र उलटत नाही. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे तुम्ही ठरवा. भाऊ अडचणीत असेल आणि तुम्हाला मनापासून सोडावासा वाटला, तर त्यात कमीपणा नाही. फक्त लोक मला हावरट म्हणतील या एका कारणासाठी सही करू नका. धंद्याच्या बाजूनं एक गोष्ट माहीत असू द्या: शेतजमीन कारखान्याच्या कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत, कारण थकबाकी झाली तर तारण विकून वसुली करण्याच्या सरफेसी कायद्याखाली त्यांना तिची विक्री करता येत नाही. पण तुमच्या मालमत्तेच्या विवरणात सातबारावरचं नाव दिसतं, आणि कर्ज मंजूर करणारा ते पाहतो. सातबारावर नाव नसलेल्या बाईला बँकेत आधी हमीदार शोधावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी पुरुष असतो. तिथूनच पुढे "धंदा तिचा नाही, त्याचा आहे" सुरू होतं.

राहिला दिराचा प्रश्न. शांततेची किंमत म्हणून भागीदारी देऊ नका. आज तुमची एकल मालकी आहे. भागीदारी केली की १९३२ चा कायदा लागू होतो: नफ्याचं प्रमाण करारात लिहिलं नसेल तर दोघांचा वाटा समान धरला जातो, धंद्यासाठी त्यांनी केलेल्या व्यवहाराला तुम्ही बांधल्या जाता, आणि फर्मच्या कर्जाला तुमची वैयक्तिक मालमत्ताही जबाबदार राहते. त्यांना खरंच काम करायचं असेल, तर दुसऱ्या युनिटच्या उत्पादनाची किंवा सुरतच्या विक्रीची जबाबदारी पगारावर द्या, विक्रीवर टक्का ठेवा, आणि एक सीझन बघा. भांडवल आणणार असतील तर किती, कधी, कोणत्या खात्यातून, हे लेखी मागा. करार करायचाच झाला तर चेकवर सही कुणाची, मालाच्या गुणवत्तेवर शेवटचा शब्द कुणाचा आणि एकजण बाहेर पडला तर हिशेब कसा, ही तीन कलमं आधी लिहा, नफ्याची टक्केवारी नंतर. त्यांचं उत्तर आलं की तीन वर्षांचे ताळेबंद आणि उधारीची यादी घेऊन या. दुसऱ्या युनिटचा अहवाल आपण त्यावरून करू.